उजेड कोणत्या बाजूचा

दुकानात तिला सगळे सोनारीण म्हणत. अंगावर गुंजभर सोनं नव्हतं, कानांतले मोतीसुद्धा प्लास्टिकचे. पण तिच्या कॉम्प्युटरवरून निघालेलं सोनेरी अक्षर बघून गिऱ्हाईक नकळत बोट पुढे करायचं आणि बोटाला गुळगुळीत कागद लागला की ओशाळं हसायचं. बोर्ड, कार्डं, पाट्या छापायचं ते दुकान. पुढे काऊंटर, मागे काचेच्या पार्टिशनपलीकडे छपाईचं मोठं यंत्र आणि दोहोंच्या मध्ये, खिडकीकडे डावा खांदा करून बसलेली ती. बावीस वर्षं तीच जागा. खुर्चीची गादी दोनदा बदलली होती, बाई बदलली नव्हती.

फोटो साफ करणं, मजकूर लावणं ही कामं दुसरेही करत. पण कुणाला सोन्याची, लाकडाची, बर्फाची, दगडात खोदल्यासारखी अक्षरं हवी असली की मालक तिच्याकडे बोट दाखवत. नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलींना ती सांगायची, "सोन्याला नुसता पिवळा रंग देऊन भागत नाही. वर फिका पिवळा, मध्ये जवळजवळ पांढरी रेघ आणि तिच्याखाली लगेच गडद तपकिरी. सोनं स्वतःच्या पिवळेपणानं चमकत नाही, शेजारच्या काळेपणानं चमकतं."

एकदा एक टायरवाला आला. म्हणाला, "बाई, अक्षरांना आग लावा. लांबून दिसली पाहिजे."

"टायरच्या दुकानाला आग? गिऱ्हाईक गाडी वळवून पळेल."

टायरवाल्याला ते पटलं. "मग काय लावू?"

"रबराचीच करते. काळी, जाड, वर टायरची नक्षी उमटलेली. बोर्ड कुठे लावणार? दार कुठल्या अंगाला? दुपारी ऊन कोणत्या बाजूनं येतं?"

"ऊन? बोर्ड छापायचाय बाई, कपडे नाही वाळत घालायचे."

मालक काऊंटरवरून हसले. "सांगून टाका. नाही सांगितलंत तर त्या स्वतः येऊन बघतील."

आणि ती खरंच जायची. कारण तिच्या कामाची सगळी मेख तिथेच होती. अक्षराच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली दिली की सपाट अक्षर कागदावरून उठून उभं राहतं. तीच जोडी उलटी केली की तेच अक्षर आत जातं, खोदल्यासारखं. पण भिंतीवर खरा उजेड एकीकडून येत असला आणि अक्षरातला खोटा उजेड दुसरीकडून, तर डोळा फसतो. आत गेलेलं अक्षर बाहेर आलेलं वाटतं, बाहेरचं आत. गिऱ्हाइकाला काय बिघडलंय ते सांगता येत नाही, फक्त त्या बोर्डाकडे बघावंसं वाटत नाही. म्हणून फाईल उघडण्याआधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: उजेड कोणत्या बाजूचा?

हा प्रश्न मुळात तिचा नव्हता. तो तिच्या बापाचा होता.

बाप दगडावर अक्षरं खोदायचा. शाळेच्या पायाभरणीची शिळा, पाण्याच्या टाकीवरची पाटी, बँकेच्या दारातली, शिवाय शे-दोनशे घरांची नावं. काळ्या दगडाची लादी आडवी टाकायची, खडूनं अक्षर रेखायचं, डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी. तिला आठवतं तेव्हापासून तिचं काम बॅटरी धरायचं. खोदलेल्या अक्षराची खोली समोरच्या उजेडात कळत नाही. उजेड कडेनं, जवळजवळ दगडाला टेकवून पाडावा लागतो. मग जिथे कमी खोदलं असेल तिथे सावली फिकी पडते. ती आठ वर्षांची होती, गुडघे दुखून यायचे.

"हलवू नकोस," बाप म्हणायचा. "तुझा हात हलला की माझं अक्षर हलतं."

छिन्नी मात्र त्यानं दादाच्या हातात दिली. दादाला ती नको होती. त्यानं चार महिने ठोकाठोकी केली, अंगठा दोनदा फोडून घेतला, मग कसलीशी परीक्षा दिली आणि कचेरीत चिकटला. "हातोडी काय, गाढवसुद्धा मारेल," बाप म्हणायचा, "अक्षर छिन्नीच्या हातात असतं." तिनं एकदा विचारलं होतं, "बाबा, मी मारू?" "तू उजेड धर," बाप म्हणाला. त्यात राग नव्हता. तिच्याबद्दल वेगळा काही विचार करायचा असतो, हेच त्याच्या मनात आलं नव्हतं.

पुढे तिचं लग्न झालं, ती त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, दुकानात लागली. हळूहळू घरांवरची नावं तिच्याच दुकानात छापली जाऊ लागली आणि बापाकडे दगड येईनासे झाले. हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही त्यावर सरळ काही बोलत नसत; जे काही बोलणं व्हायचं ते थट्टेच्या आडून. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी ती माहेरी गेली की बाप विचारायचा,

"या आठवड्यात किती दगड फोडलेस?"

"चार, बाबा."

"घाम आला?"

"एसी आहे तिथे."

"मग ते दगड नव्हेत, दगडांचे फोटो. टाकीचे घाव सोसावे लागतात म्हणे. तुझ्या अक्षरांना साधी टिचकी लागत नाही."

आई भाजी निवडता निवडता ऐकायची आणि मान वर न करता म्हणायची, "निदान तिची अक्षरं दारावर तरी लागतात. आमच्या दारावर काय आहे?"

ते मात्र खरं होतं. अख्ख्या शहराच्या दारांवर नावं खोदणाऱ्याच्या स्वतःच्या दारावर खडूची रेघ नव्हती. नवा पोस्टमन आला की शेजारी त्याला खूण सांगत, 'ज्याला पाटी नाही ते घर.' आईनं लग्न झाल्यापासून हा एकच लकडा लावला होता, तोही हसत हसत. बापाचं उत्तर ठरलेलं: "होईल. घाई काय आहे? दगड कुठे पळून चाललाय?"

"दगड नाही पळत," आई म्हणायची.

आई गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, चौथ्या दिवशी संपलं. त्यानंतर महिनाभरानं बापानं गॅलरीत लादी आणवून घेतली. दारावर सहसा पुरुषाचं नाव लागतं; त्यानं आईचं नाव रेखलं. चार अक्षरांचं. कुणाशी चर्चा नाही, कुणाला सांगणं नाही. एक डोळा त्याचा आधीच गेला होता, दुसऱ्यात धुकं होतं. तरी रोज सकाळी दोन तास तो बसायचा. दोन अक्षरं झाली आणि एका सकाळी हातोडी हातातून गळाली. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू. चार महिन्यांत पाय थोडा परत आला, बोलणं बरंचसं आलं, हात आला नाही.

लादी गॅलरीत पोत्याखाली पडून राहिली. दादानं एका कारागिराला बोलावलं, तर बापानं त्याला दारातूनच परत पाठवलं. वहिनीची करंगळी त्या लादीवर चौथ्यांदा ठेचकाळली तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"वन्सं, मी काही म्हणत नाही," वहिनी म्हणाली. काही म्हणायचं असलं की ती नेहमी अशीच सुरुवात करायची. "पण डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? उरलेला डोळाही दिवाळं काढणार. दोन महिने, फार तर तीन. त्यांना दारावर सासूबाईंचं नाव एकदा दिसू दे. मग पुढचं पुढे."

दादानं खुर्ची जवळ ओढली. "तुझी ती दगडी अक्षरं असतात ना, तशी कर. जाड शीटवर छाप. मी लावतो. बाबांना सांगू, पूर्ण करून घेतली म्हणून."

"म्हणजे फसवायचं."

"तू दिवसभर दुसरं काय करतेस?" दादा म्हणाला. मग त्यालाच ते लागलं. "तसं नाही गं. पण त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते. तेवढं तर तुला येतं."

ते तिला येत होतं. तिनं हो म्हटलं. तो डोळा विझायच्या आत आईचं नाव त्या दारावर लागलं पाहिजे, हे तिलाही हवं होतं. इतकं, की फसवणुकीचा सल तिनं आत ढकलून दिला.

मात्र काम तिनं चोरासारखं उरकलं नाही. कॉम्प्युटरमध्ये पन्नास तऱ्हांचे फॉन्ट होते, एकाला तिनं हात लावला नाही. पोतं बाजूला करून बापाच्या दोन अक्षरांचे फोटो घेतले. उरलेली दोन शोधायला ती शहरभर हिंडली. तिसरं अक्षर शाळेच्या शिळेवर सापडलं. चौथं कुठेच एकसंध मिळेना. त्याचा अर्धा भाग टाकीच्या पाटीवरून आणि काना बँकेच्या दारातून उचलावा लागला. बँकेचा पहारेकरी विचारायला लागला, "बाई, कसले फोटो काढताय?" "माझ्या वडलांच्या अक्षरांचे," ती म्हणाली. त्यानं वळून पाटीकडे पहिल्यांदाच पाहिलं.

आता प्रत्येक फोटोत ऊन वेगळ्या बाजूचं. तिनं जेवणाच्या सुट्टीत बसून एकेका अक्षराच्या कडा सोडवल्या, फोटोतली सावली पुसली आणि नव्यानं उजेड पाडला. एका थरावर दगडाचे कण, दुसऱ्यावर खोदलेल्या खाचेची काळोखी, तिसऱ्यावर समोरच्या कडेला लागलेला उजेडाचा बारीक धागा. बापाच्या छिन्नीची एक खोड होती, रेघ संपताना ती किंचित वर उचलली जायची. ती खोड तिनं चारही अक्षरांत जपली. तीन आठवडे गेले. मालक मागे येऊन उभे राहिले.

"हा फोटो आहे?"

"नाही."

"खोटं बोलता."

"हो," ती म्हणाली. मालकांना ते उत्तर कळलं नाही. "छापताना चकाकी नको," तिनं सांगितलं, "दगड चकाकत नाही."

बापाला धरून दादानं दाराबाहेर आणलं आणि खुर्चीत बसवलं. सकाळचे दहा वाजले होते. दाराच्या कडेला, बसल्या माणसाच्या नजरेला येईल अशा उंचीवर, दादानं शीट टेकवून चार स्क्रू पिळले. ती मागे उभी होती. 

"पूर्ण झाली बाबा," दादा म्हणाला, जरा मोठ्यानं.

बाप पुढे झुकला. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला केली, जशी तो पूर्वी खोली तपासताना करायचा. डावा हात उचलला.

"हात नका लावू, सिमेंट ओलं आहे," वहिनी घाईनं म्हणाली.

हात खाली आला. बाप म्हणाला, "फुगलीत."

"काय बाबा?"

"अक्षरं. फुगून वर आलीत. मी आत खोदतो."

दादानं वहिनीकडे पाहून डोळ्यांनीच 'सोडून दे' म्हटलं. पण सोनारीण बापाकडे पाहत नव्हती. ती मान वळवून आकाशाकडे पाहत होती. दाराच्या डाव्या हाताला चार मजली इमारत उभी होती, दोन वर्षांची. तिच्या नावानं माहेरी सगळे बोटं मोडत, तीही मोडायची. कपडे वाळत नाहीत, वारा येत नाही. उजेड आता फक्त उजवीकडच्या गल्लीतून यायचा. आणि तिनं चारही अक्षरांत उजेड डावीकडून पाडला होता. कारण तिच्या मनातल्या या पायरीवर ती दहा वर्षांची होती, आई मागे बसून तिचे केस विंचरत होती आणि त्याच बाजूनं गालाला कोवळं ऊन लागत होतं.

टायरवाल्याला विचारलं, न्हाव्याला विचारलं, बावीस वर्षं येईल त्याला विचारलं. आपल्याच दाराला विचारलं नाही.

"ऊन कोणत्या बाजूनं येतं ते पाहिलंस का?" बाप म्हणाला. दादाला नव्हे, मागे उभ्या असलेल्या तिला.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "एवढं काय मनाला लावून घेतेस? कॉम्प्युटरमध्ये फिरव ना तो उजेड."

फिरवणं अवघड नव्हतं. उजेडाचा कोन म्हणजे एक आकडा. तिनं फाईल उघडली, आकडा बदलला, डाव्या सावल्या उजवीकडे गेल्या. पापणी लवायच्या आत. दारावर अक्षरं आता आत गेलेली, खोल, शांत दिसली असती. तिनं छापायला टाकलं नाही. ती त्यांच्याकडे पाहत बसली. मग तिनं फाईल बंद केली.

सुट्टीच्या दिवशी ती गेली तेव्हा बाप गॅलरीत बसला होता. शीट काढून दादानं कपाटामागे ठेवली होती. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"बाबा, तो दगड नव्हता."

"माहीत आहे."

"अक्षरांवरून कळलं?"

"अक्षरं नंतर. तुझ्या दादानं पाटी एकट्यानं उचलली आणि एका हातानं धरून स्क्रू पिळले. त्या लादीला दोन माणसं लागतात आणि दोघंही शिव्या देतात." उजवीकडून तोंड वाकडं होत असल्यानं त्याचं हसू आता अर्धंच दिसायचं. "शेवटी रेघ उचलली होतीस. माझ्यासारखी. कुठून आणलीस?"

"शाळेतून. टाकीवरून. बँकेतून."

"बँकेतला काना चांगला आहे," बाप म्हणाला.

वहिनीनं चहा आणून ठेवला. बापानं डाव्या हातानं कप उचलला. कपाच्या कानात बोट न घालता तो तीन बोटं आणि अंगठा यांच्यात कप उभा धरायचा, मनगट जरा आत वळवून. ती बघत राहिली. हा हात असा वळलेला तिनं लहानपणापासून पाहिला होता. हा कप धरायचा हात नव्हताच.

"बाबा, छिन्नी तुम्ही डाव्या हातात धरायचात."

"मग? उजव्यात हातोडी असते."

"डावा हात तर चांगला आहे."

"एका हातानं टाळी वाजते का?" बाप चिडून म्हणाला. "हातोडी कोण मारणार?"

"हातोडी गाढवसुद्धा मारेल म्हणायचात."

चहावर साय धरली. "तू उजेड धरायचीस," तो शेवटी म्हणाला.

"आता डोळे नाहीत तर उजेड कशाला? गाढव हवं आहे. मी आहे."

तिनं तिसरं अक्षर दुकानातून मूळ मापात, नुसत्या बारीक रेघेत छापून आणलं आणि लादीवर चिकटवलं. फाईल त्या कामाला आली. दर सुट्टीला दुपारी दोघं गॅलरीत बसत. बाप बोटानं कागदाची रेघ चाचपायचा, छिन्नी टेकवायचा आणि म्हणायचा, "मार." पहिल्या दिवशी तिनं त्याच्या अंगठ्यावर मारली.

"गाढव परवडलं," बाप म्हणाला.

"दादानं स्वतःचा फोडला होता. मी निदान दुसऱ्याचा फोडला."

"हळू मार असं नाही म्हणत मी. एकसारखी मार. तुझी हातोडी हसते, रडते. तिला काही वाटता कामा नये."

वहिनी आतून ओरडायची, "बारीक कचरा सगळा माझ्या कपड्यांवर येतोय!" आणि थोड्या वेळानं स्वतःच चादर आणून दोरीवर आडवी टाकायची. दादा कधी दारात उभा राहून बघायचा आणि हात मागे बांधून आत जायचा. एका दुपारी पेराएवढं काम व्हायचं. बाप खोली बोटाच्या टोकानं मोजायचा. नख तळाला अडलं की "अजून" म्हणायचा. अधूनमधून तो आईबद्दल बोलायचा, तेही असं, जसं दगडाबद्दल बोलावं. "तिनं एकदा विचारलं असतं ना, नीट रागावून, तर मी केलं असतं. ती हसून विचारायची. मला वाटायचं, हसतेय म्हणजे चाललंय." मग "मार."

तिसरं अक्षर सहा सुट्ट्यांत झालं. तोवर उरलेल्या डोळ्यातलं धुकंही गेलं होतं आणि त्याच्या जागी काही उरलं नव्हतं. ती उन्हाची वेळ साधून लादी उभी करून म्हणाली, "बाबा, ऊन उजवीकडून आहे. सावली बरोबर पडलीय." बापानं तिन्ही अक्षरांतून बोट फिरवलं. त्याला सांगायची गरज नव्हती, पण त्यानं ऐकून घेतलं.

चौथ्या अक्षराचा कागद चिकटवून ती घरी गेली. पुढची सुट्टी यायच्या आत बाप गेला. सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा तो उठला नाही, एवढंच.

दादानं या खेपेला शीटचं नाव काढलं नाही. पंधरा दिवसांनी त्यानंच लादी ओढून मध्ये घेतली आणि म्हणाला, "कुणाला बोलवायचं नाही ना?" तिनं नाही म्हटलं. छिन्नी डाव्या हातात घेतली. हातोडीच्या हाताला आता सवय होती. डाव्याला कसलीच नव्हती. दादा गुडघ्यांवर बसून बॅटरी लादीला टेकवून धरत होता.

"हलवू नकोस दादा."

"नाही हलवत."

दुकानात चूक झाली की एक बटण दाबून मागे जाता येतं. तिला प्रत्येक घावाआधी ते बटण आठवायचं आणि हात आखडायचा. छिन्नी दगडात शिरायची, पण जरा शिरली की ती थांबायची. अक्षर आकारात बिनचूक आलं. शेवटची रेघही उचलली गेली. दोन माणसांनी, शिव्या देत, लादी दाराशेजारी बसवली. पोस्टमन थांबून वाचून गेला.

बाप जाऊन वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. ती पायरीवर बसली होती आणि वहिनी लादी पुसत होती. एका हातात फडकं, दुसऱ्यात दात घासायचा जुना ब्रश.

"मी काही म्हणत नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. "पण मामंजींची तीन अक्षरं म्हणजे धुळीचं कोठार. आठवड्याला ब्रश घालून खरवडून काढावी लागतात. तुमचं चौथं बरं. फडकं फिरवलं की झालं."

वहिनी कौतुकानंच बोलली होती. सोनारीण उठून जवळ गेली. गल्लीतून ऊन आलं होतं. तीन अक्षरांत काळोख भरलेला होता. चौथ्यात उजेड तळाला लागत होता. तिनं त्यात बोट घातलं. नख अडलं.

"वहिनी, छिन्नी कुठे ठेवलीत?"

"आता कशाला? झालं ना नाव? चांगलं दिसतंय."

"दिसतंय," ती म्हणाली.

छिन्नी ओट्याखालच्या खणात, खिळ्यांच्या डब्यात सापडली. तिनं स्टूल ओढलं, लादीला खांदा लावला आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली. या वेळी कागद नव्हता, बॅटरी नव्हती. वहिनी थोडा वेळ बडबडली, मग उडणाऱ्या कपच्या झेलायला तिनं खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तिथेच बसून राहिली. तीन सुट्ट्या गेल्या. एके ठिकाणी कड जराशी उडाली, ती तशीच आहे.

आता चारही अक्षरांना ब्रश लागतो. वहिनीनं तो दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला आहे.